हस्तलाघवाचा सम्राट : फ्रेड काप्स

इंद्रजाल ही भारतभूमीची प्राचीन विद्या होय. गावच्या बाजारात गारुड्याने वाटीखालची गोळी अदृश्य करावी आणि भोवती जमलेल्या आबालवृद्धांनी तोंडात बोट घालावे, हे दृश्य आपल्या पूर्वजांच्या नित्य परिचयाचे होते. परंतु त्यांना आणखी एक नजरबंदी भोगावी लागली. ५ जून १८७३ रोजी 'लाला रूख' जहाज सुरिनामला पोहोचले. त्या काळी अरकाट्यांनी 'श्रीरामाच्या देशी चला' असे सांगून कित्येकांना भुलविले, ही कथा घराघरांतून आजही सांगितली जाते.

मग जादू आणि फसवणूक यांत अंतर ते कोणते? जादूगार 'मी चकविणार' असे आधीच कबूल करतो आणि कोणाचे काही हिरावून न घेता आनंद देऊन जातो. या प्रामाणिक विद्येचा एक थोर उपासक याच हॉलंडच्या भूमीत होऊन गेला.

फ्रेड काप्स यांचा जन्म ८ जून १९२६ रोजी उत्रेख्त येथे झाला. त्यांचे मूळ आडनाव बोंगर्स. आरंभी ते 'मिस्टिका' या नावाने प्रयोग करीत. जादूगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे सर्वोच्च पारितोषिक त्यांनी १९५० साली बार्सिलोना, १९५५ साली ॲमस्टरडॅम आणि १९६१ साली लिएज येथे संपादन केले. हा बहुमान तीन वेळा मिळविणारे ते एकमेव जादूगार होत.

नेदरलँड्समध्ये दूरचित्रवाणी १९५१ साली सुरू झाली. रंगमंचावरील जादूगाराला प्रेक्षकांपासूनचे अंतर सांभाळून घेते. कॅमेरा मात्र थेट बोटांपाशी येऊन ठेपतो. काप्स या कसोटीस पूर्णपणे उतरले. पत्ते, नाणी, बाटलीचे बूच अशी साधीच त्यांची साधने. मुठीत चिमूटभर मीठ घ्यावे, ते नाहीसे करावे आणि मग मुठीतून मिठाची धार लागावी, ती थांबतच नाही! अशा वेळी काप्स स्वतःच गोंधळल्यासारखे पाहत, आणि प्रेक्षक हसता हसता थक्क होत.

९ फेब्रुवारी १९६४ रोजी न्यूयॉर्क येथे एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात बीटल्स हे गायक अमेरिकेतील प्रेक्षकांपुढे प्रथमच थेट अवतरले. सुमारे ७ कोटी ३० लक्ष लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. त्यांच्या पहिल्या गीतांनंतर लगेच काप्स यांची पाळी होती. सारा देश त्या चार तरुणांसाठी वेडा झाला असता काप्स यांनी शांतपणे पत्त्यांचा व मिठाचा खेळ सादर केला. त्या रात्रीची कीर्ती बीटल्सना लाभली. तथापि जाणकार जादूगार आजही काप्स यांच्या हातांकडे गुरुस्थानी पाहतात.

२३ जुलै १९८० रोजी, अवघ्या ५४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढे हान्स क्लोक यांच्यासारख्या डच जादूगारांनी भव्य देखाव्यांनी रंगमंच गाजविला. काप्स यांचे वैभव मात्र दोन हातांत सामावलेले होते. दोन हातांखेरीज काहीही न घेता सातासमुद्रापार आलेल्यांच्या वंशजांना त्या वैभवाचे मोल निराळे सांगावयास नको.