घाटापलीकडे नेण्याआधी : एक्सपल्समध्ये काय बदलाल?

गाडी : हीरो एक्सपल्स २००. बाजारात २०१९ पासून. टाकी १३ लिटर, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिलिमीटर.

इंधन : मनाली–लेह वाटेवर तांदीच्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ ही पाटी प्रसिद्ध आहे. चढ, वाळू आणि खालच्या गिअरमुळे अ‍ॅव्हरेज घसरतं. पाच लिटरचा कॅन जवळ असू द्या.

चाकं : पुढचं २१ इंची, मागचं १८, दोन्हींत ट्यूब. जागा कमी असेल तर जादा ट्यूब २१ इंचीच घ्या. अडीअडचणीला ती मागच्या चाकातही दुमडून बसते, उलट जमत नाही. टायर काढायचे लिव्हर आणि पंप हवेतच.

गिअरिंग : याच वाटेवरची तंगलंग ला ही खिंड सुमारे ५,३०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब जवळपास निम्मा, त्यामुळे इंजिनाची ताकद पडते. मागचं स्प्रॉकेट दोन-तीन दात मोठं घातलं की चढावर क्लच जळत नाही. हायवेवरचा वेग मात्र थोडा कमी होतो.

हँडल : मजबूत हँडगार्ड लावा. ब्रेक-क्लच लिव्हरचे क्लॅम्प किंचित सैल ठेवा; गाडी पडली तर लिव्हर मोडण्याऐवजी फिरतो.

सामान : कापडी बॅगा घ्या. पाय अडकला तर पत्र्याच्या पेट्या हाड मोडतात. जड वस्तू खाली आणि शक्य तितक्या पुढे.

कायदा : मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ : आरसी बुकातल्या नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही.