आंब्याची पेटी आणि गिऱ्हाइकाची भीड

अक्षय्य तृतीया जवळ आली की बाजारात आंब्याच्या पेट्यांची रास लागते आणि वर्षभर पै-पैचा हिशेब ठेवणारा गृहस्थही त्या सुवासापुढे हिशेब विसरतो. हे विसरणे कोणाच्या पथ्यावर पडते, याचा विचार वाचकांनी पेटी घेण्यापूर्वी करावा, असे आम्हांस वाटते.

‘हापूस’ या नावास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील फळासच ते लागू आहे. तथापि, परप्रांतातून आलेले आणि दिसण्यात तसेच असणारे फळ ‘देवगड’ अशी अक्षरे छापलेल्या खोक्यात भरून विकण्याचा उद्योग थांबलेला नाही. कर्नाटकचा आंबा वाईट, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तो स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या भावाने विकला जावा, इतकेच. नावाच्या या चोरीत गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि कोकणातल्या बागायतदाराची पत जाते.

फसवणूक नावापाशीच थांबत नाही. भाव ठरतो तो वरच्या थराचा. गवताखालची फळे लहान किंवा डागी निघतात ती घरी गेल्यावर. कित्येकदा फळ कॅल्शियम कार्बाइडने पिकविलेले असते. कायद्याने या पदार्थास बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असू शकतात. अशा फळाची साल पिवळीधमक दिसते, पण आत गर आंबटच राहतो.

जी गोष्ट आंब्याची, तीच थंड पाण्याच्या बाटलीची. दुकानदारास छापील कमाल किमतीहून अधिक पैसे घेता येत नाहीत, असा नियम आहे. तरीही ‘थंड करण्याचे’ म्हणून वर दोन-पाच रुपये मागितले जातात आणि आपण ते मुकाट्याने देतो.

आमच्या मते या साऱ्याचे मूळ विक्रेत्याच्या लबाडीइतकेच आपल्या भिडेत आहे. पेटी उघडून दाखवा म्हणण्याचा, खालचा थर मोजण्याचा आणि पावती मागण्याचा आपल्याला संकोच वाटतो. वास्तविक पावती नाकारणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर कोणासही तक्रार नोंदविता येते. त्याने काम भागले नाही, तर ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्कही पडत नाही.

‘चार पैशांसाठी कोण भांडणार?’ हा आपला उदारपणा नव्हे, तो आळस आहे. त्याच्याच जोरावर लबाडाचे दुकान चालते आणि शेजारचा सचोटीचा व्यापारी मात्र मागे पडतो. तेव्हा यंदा आंबा अवश्य खावा, पाहुण्यांनाही खाऊ घालावा. मात्र पेटी उघडून, फळे मोजून आणि पावती खिशात घालूनच दुकानाची पायरी उतरावी.