पैठणची ग्रीक अक्षरे

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरांवर असलेल्या पैठणचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात येतो. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, असे त्यात सांगितले आहे. इतिहासाचा विद्यार्थी हा उल्लेख बहुधा इंग्रजी अनुवादावरून घेतो. व्यापारमार्गापुरते ते पुरेसे असले, तरी भाषेच्या अभ्यासास ते पुरत नाही.

परंपरेने आलेल्या ग्रीक पाठात हे नाव ‘प्लिथन’ असे वाचले जात असे. ग्रीक मोठ्या लिपीत ‘अ’ आणि ‘ल’ यांच्या अक्षरांत केवळ एका आडव्या रेघेचे अंतर आहे. नकलकाराच्या हातून ती रेघ सुटली, हे ध्यानी घेऊन पंडितांनी ‘पैथन’ हा पाठ स्वीकारला. म्हणजे पैठणची ओळखच मुळी लिपिज्ञानावर उभी आहे.

पुढचा प्रश्न उच्चाराचा. कन्नड तालुक्यातील पितळखोरे येथील, याहून जुन्या ब्राह्मी लेखांत ‘पतिठान’ असे रूप आहे. ग्रीक रूपात मधला ‘त’ नाही. तो ‘त’ मधल्या काळात लोपला, की कोरणाऱ्यांनी रूढ लेखन जपले आणि बोलीत तो आधीच नाहीसा झाला होता, हे एकट्या नावावरून ठरत नाही. त्या काळच्या ग्रीक बोलीत ‘ऐ’ हा संयुक्त स्वर ‘ए’कडे झुकत होता, म्हणून ऐकलेला स्वर ‘पइ’ होता की ‘पे’, याविषयीही सावध राहावे लागते. तथापि कोणत्याही वाचनाने ‘त’ परत येत नाही. याच ग्रंथातील ‘दखिनबदेस’ हे रूप जोडीस घ्यावे. ‘दक्षिणापथ’ शब्दातील ‘प’ व ‘थ’ तेथे घोष झालेले दिसतात. स्वरमध्य व्यंजनांच्या शिथिलीकरणाचा हा परकीय, पण कालनिश्चित पुरावा होय.

यावरून अभिजात विद्यांच्या अभ्यासक्रमाचा क्रम सुचतो. प्रथम प्राकृत व ग्रीक यांचे किमान दोन वर्षांचे अध्ययन, मग लिपिशास्त्र आणि त्यानंतर परदेशगमन. ‘पेरिप्लस’ची दहाव्या शतकातील पोथी हायडलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात असून तिच्या प्रतिमा आता घरबसल्या पाहता येतात. तेव्हा केवळ पोथीदर्शनासाठी प्रवास करण्याचे कारण उरलेले नाही. तेथील अध्यापकांसमोर पाठ वाचून आपले वाचन तपासून घेणे, हा मात्र प्रवासाचा खरा लाभ होय.

वस्तूंची गोष्ट वेगळी आहे. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ साली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या जवळच्या शैलीच्या मूर्ती तेर व भोकरदन येथे मिळाल्या आहेत. कोरणीची खोली आणि दागिन्यांची घडण छायाचित्रावरून पुरती कळत नाही; त्या प्रत्यक्ष पाहाव्या लागतात. मात्र तेरच्या लामतुरे संग्रहालयातील मूर्ती न पाहता नेपल्सला जाणारा अभ्यासक तुलना तरी कशाशी करणार? रोमचा मार्ग येथील विद्यार्थ्यासाठी तेर, भोकरदन व पितळखोरे यांवरूनच जातो.