चिनी खाणावळीची पंगत

देगलूर तालुका म्हणजे महाराष्ट्राचा अगदी कडेचा मुलूख. एका अंगाला तेलंगण, दुसऱ्या अंगाला कर्नाटक, आणि १९४८ पर्यंत निजामाचा अंमल. त्यामुळे परमुलखातील पदार्थ आपलासा करून त्यात आपले तिखट ओतण्याची विद्या येथील जिभेस निराळी शिकवावी लागली नाही. आता तालुक्याच्या गावी दिवेलागणीनंतर जे चायनीजचे गाडे उभे राहतात, त्यांच्यासमोर मंचुरियन अथवा शेजवान राईस मागविणाऱ्यास चीन देशाचे स्मरणही होत नसावे, आणि त्यात त्याचे काही चुकते असेही नाही. कारण हे पदार्थ ज्या खाणावळींतून निघाले त्या चिनी माणसांच्या असल्या, तरी त्या भारतातच घडल्या.

त्यांची वंशावळ मात्र एखाद्या जुन्या जमिनीच्या फेरफारांइतकी गुंतागुंतीची आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंग अच्यू नामक चिनी गृहस्थाने वॉरन हेस्टिंग्जकडून कलकत्त्याजवळ जमीन मिळवून साखरेचा कारखाना काढला. आजचे अछिपूर हे गाव त्याचेच नाव वागविते. त्याच्या मागून आलेल्यांपैकी हाका लोक कातडे कमावण्याच्या आणि जोड्यांच्या धंद्यात शिरले, कँटनकडचे सुतारकामात रमले, तर हूपे प्रांतातून आलेल्या कित्येकांनी दंतवैद्याची पाटी लावली. मुंबईत कामाठीपुऱ्याची सुखलाजी गल्ली आणि माझगाव या भागांत त्यांची वस्ती झाली, व माझगावात १९१९ साली उभारलेले त्यांचे देवालय अद्याप आहे. चर्चगेटचे 'कामलिंग' आणि रीगल चित्रपटगृहाच्या परिसरातील 'नानकिंग' ही उपाहारगृहे या वस्तीनेच शहराला दिली. 'नानकिंग' चालविणाऱ्या लिंग घराण्यातील बंधूंनी १९९१ साली कुलाब्यात 'लिंग्ज पॅव्हिलियन' काढले.

१९६२ च्या युद्धाने या समाजावर जो प्रसंग ओढवला तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, ज्यांत येथेच जन्मलेले पुष्कळ होते, राजस्थानातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. बाहेर राहिलेल्या अनेकांना परवान्यावाचून आपल्या ठाण्याची हद्द ओलांडता येईना, आणि कित्येक कुटुंबे पुढे देश सोडून कॅनडादी मुलखांत गेली. जे मागे उरले त्यांना घरच्या मनुष्यबळावर चालणारे खाणावळीसारखे धंदे जवळचे वाटले असावेत. आणि ज्याच्याकडे गिऱ्हाईक आधीच संशयाने पाहते, त्याने त्या गिऱ्हाइकाच्या रुचीपुढे अधिकच नमते घ्यावे, हे स्वाभाविक होते. नेल्सन वाँग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आले, लसूण आणि हिरव्या मिरचीची फोडणी करून गरम मसाल्याऐवजी तीत सोया सॉस घातला व तळलेल्या कोंबडीचे तुकडे सोडले, तेव्हा मंचुरिया प्रांतात कोणी न ऐकलेले 'मंचुरियन' जन्मास आले. 'शेजवान'चे प्रकरण याहून गमतीचे आहे. ताजमहाल हॉटेलातील 'गोल्डन ड्रॅगन'ने १९७३ साली सेचुआन प्रांताचा पाक मुंबईत आणला; पण त्या पाकाचा प्राण असलेले, जिभेस बधिरता आणणारे फळ बाजारी शेजवान चटणीत बहुधा नसतेच. वस्तुतः त्या फळाचे सख्खे भावंड आपल्या कोकणात बांगड्याच्या आमटीत पडते. त्याला आपण तिरफळ म्हणतो.

सोयाबीन हे मूळचे चीनचेच पीक, आणि आज नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्याचे खरिपाचे सारे गणित त्याच्यावर बसलेले. मोंढ्यात ते पोत्यांनी येते, तेलाच्या गिरणीत जाते, उरलेली पेंड कोंबड्यांना पोचते. ज्या सोया सॉसवाचून चिनी स्वयंपाकघराचे पान हलत नाही, तो मात्र आपण बाटलीत विकत घेतो. उत्तम सॉस सोयाबीन व गहू यांवर विशिष्ट बुरशी चढवून, मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने आंबवून होतो. स्वस्त सॉस आम्लाच्या साह्याने थोड्या दिवसांत उरकतात आणि त्यावर जळक्या साखरेचा रंग चढवितात. दोहोंतील भेद जिभेवर ठेवताच कळतो.

जुन्या, साध्या चिनी खाणावळीत जाण्याचा योग आला तर गाड्यावरची सवय थोडी बाजूस ठेवावी लागते. गाड्यावर ज्याची त्याची बशी निराळी असते. येथे सर्व पदार्थ मेजाच्या मध्यभागी मांडतात आणि प्रत्येकाने थोडे थोडे वाढून घ्यावयाचे असते, म्हणून एकट्याने जाण्यात फारशी मौज नाही. चार जणांनी एक सूप, एक भाजी, एक मांसाचा व एक माशाचा पदार्थ आणि साधा भात एवढे मागविले तरी पुष्कळ होते. भात साधाच असावा, कारण रस्सा त्यातच मुरतो; फ्राइड राईसवर रस्सा ओतणे हा दोन्ही पदार्थांवर अन्याय आहे. चहा बिनदुधाचा येतो व तो जेवणासोबतच घोट घोट घ्यावयाचा असतो. आमच्या मराठवाड्यातील माणसास ही गोष्ट सर्वांत अवघड जाते, हे कबूल केले पाहिजे. ताट उशिरा आले म्हणून रागावू नये, आल्यावर मात्र गप्पांत ते निवू देऊ नये. लोखंडी कढई धगधगीत तापवून, बारीक चिरलेल्या जिनसा मिनिट-दोन मिनिटांत परतून काढल्याने जो किंचित धुरकट गंध चढतो, तो मेजावर फार काळ टिकत नाही.

आणि गल्ल्यावर मालक अथवा मालकीण स्वतः बसली असेल, तर यादीपत्रक मिटवून, घरी आज काय शिजले आहे, असे अवश्य विचारावे. पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाइकाला मंचुरियन वाढणाऱ्या घराच्या चुलीवर ते असेलच असे नाही; तेथे आल्याचे बारीक तुकडे घालून वाफवलेला मासा, मिठातली पालेभाजी अथवा नुसता पातळ भात असू शकेल. तो मिळाला तर घ्यावा, आणि तिखट लागत नाही म्हणून मिरचीची चटणी मागू नये.