गोठ्यातील इंजिनाचा धूर व जनावरांची फुप्फुसे

लातूर जिल्ह्यातील देवणी व नांदेड जिल्ह्यातील कंधार या गावांनी दोन नामांकित गोवंशांस आपली नावे दिली आहेत. देवणी गाय व लाल कंधारी बैल यांच्या वैरणपाण्यात आपले शेतकरी बंधू उणे पडू देत नाहीत. परंतु त्याच दावणीशेजारी डिझेल इंजिनावर कडबाकुट्टी चालते, अथवा पहाटे ट्रॅक्टर गरम होईतो धूर सोडीत उभा असतो, याचा विचार क्वचितच होतो.

या धुरातील काजळीचे बहुतेक कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असतात. नाक व श्वासनलिका त्यांस पुरतेपणी अडवू शकत नाहीत. ते थेट वायुकोशांत पोहोचतात. तेथील भक्षक पेशी त्यांस गिळून बाहेर काढतात खऱ्या. पण रोजचा भार त्यांच्या शक्तीबाहेर गेला म्हणजे काजळी साचते, दाह टिकतो आणि फुप्फुस राठ होऊ लागते. सन 1980 नंतरच्या दशकात उंदरांस सुमारे दोन वर्षे दाट डिझेल धुरात ठेविले असता हेच आढळले. काहींच्या फुप्फुसांत गाठीही झाल्या. हॅमस्टर या प्राण्यात तशा गाठी झाल्या नाहीत. म्हणून एका प्राण्याचा निष्कर्ष दुसऱ्यास जसाच्या तसा लावू नये. मनुष्यापुरता निर्णय मात्र सन 2012 मध्ये झाला: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरविला.

गुराची अडचण निराळी आहे. देहाच्या मानाने त्याचे फुप्फुस लहान. त्यातून ते दाव्याला बांधलेले. धूर असह्य झाला तर मनुष्य बाहेर जातो, गुरास ती मोकळीक नाही.

उपाय बहुतांशी बिनखर्ची आहेत. ट्रॅक्टर गोठ्यात चालू करू नये. इंजिन असे ठेवावे की वारा गोठ्याकडून इंजिनाकडे वाहील. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेचा, हिवाळी बहुधा पूर्वेचा. तेव्हा ऋतूबरोबर इंजिनाची जागाही पालटावी. आढ्यालगत हवा जाण्यास वाट असावी. धूर काळा येत असल्यास एअर फिल्टर व नोझल तपासून घ्यावे.

जनावर खोकत वा धापा टाकीत असेल तर धुरावर बोट ठेवून स्वस्थ बसू नये. फुप्फुसातील जंत व न्यूमोनिया यांचीही लक्षणे तशीच असतात. पशुवैद्यास दाखवावे; उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच मुलखात आहे. राठ झालेले फुप्फुस पूर्ववत होत नाही. इंजिन हलविणे मात्र आजच्या आज होण्यासारखे आहे.