ऑड्युबन यांचा दहा फुटी गरुड: शिकारी पक्ष्यांची चित्रं का फसवतात?

जॉन जेम्स ऑड्युबन यांच्या ‘द बर्ड्स ऑफ अमेरिका’ या ग्रंथातलं अकरावं चित्र एका अवाढव्य तपकिरी गरुडाचं आहे. हा ग्रंथ १८२७ ते १८३८ या काळात टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाला. हा गरुड म्हणजे नवी प्रजाती आहे, असं ऑड्युबन यांनी जाहीर केलं, तिला जॉर्ज वॉशिंग्टन यांचं नाव दिलं आणि पंखांचा विस्तार दहा फूट दोन इंच असल्याचं लिहिलं. असा गरुड नंतर कोणालाही सापडला नाही. ज्यावरून खात्री करता येईल असा नमुनाही उरलेला नाही.

मग ते चित्र कशाचं?

बरीच वर्षं दिलं जाणारं उत्तर असं, की तो बाल्ड ईगल होता, पण वयात न आलेला. या गरुडाचं डोकं आणि शेपूट पांढरं व्हायला साधारण पाच वर्षं लागतात. तोपर्यंत तो गडद तपकिरी असतो. शिवाय लहान वयात त्याची पंखांची पिसं प्रौढापेक्षा लांब असतात, त्यामुळे पिल्लू आईबापांपेक्षा मोठं दिसतं. तरीही हा पक्षी साडेसात फुटांच्या पुढे फारसा जात नाही, त्यामुळे दहा फुटांचा हिशेब लागत नाहीच. त्यातून गंमत अशी, की याच ग्रंथातल्या १२६व्या चित्रात ऑड्युबन यांनी बाल्ड ईगलचं पिल्लू बरोबर ओळखून काढलं आहे.

२०२० साली पक्षी-अभ्यासक मॅथ्यू हॅली यांनी वेगळाच दावा केला. हे चित्र ‘रीस सायक्लोपीडिया’ या जुन्या ज्ञानकोशातल्या सोनेरी गरुडाच्या चित्रावरून उचललेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. तसं असेल, तर ही ओळखण्यातली चूक नव्हे, लबाडी आहे.

पण ऑड्युबन यांची दुसरी चूक जास्त शिकवून जाते. ५६व्या चित्रात त्यांनी रेड-शोल्डर्ड हॉक काढला आणि ७१व्या चित्रात ‘विंटर हॉक’ नावाची वेगळी प्रजाती. ही वेगळी प्रजाती म्हणजे त्याच हॉकचं पिल्लू. दोन्ही चित्रं देखणी आहेत. फक्त पक्षी एकच आहे.

रंग इतके का बदलतात?

आपल्याकडचा शिक्रा घ्या. प्रौढाची पाठ राखाडी आणि छातीवर तांबूस आडव्या रेघा. पिल्लाची पाठ तपकिरी आणि छातीवर उभे, थेंबासारखे ठिपके. भोवत्यांमध्ये, म्हणजे हॅरियरमध्ये, अनेक प्रजातींचा नर फिकट राखाडी आणि मादी तपकिरी असते. मधुबाज तर ताळतंत्रच सोडतो: कुणी जवळजवळ काळा, कुणी पांढुरका, कुणी बदामी. त्याची पिसं अनेकदा मोरघारीसारखी दिसतात. चित्रकाराने एकच पक्षी पाहून रंग भरले, तर चित्र त्या एका पक्ष्याचं होतं, प्रजातीचं होत नाही.

संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या नमुन्यावर विसंबणंही धोक्याचं. पिसांचे रंग बऱ्यापैकी टिकतात, पण डोळ्यांचा, पायांचा आणि चोचीच्या मुळाशी असलेल्या मऊ त्वचेचा रंग मेल्यावर उडतो. डोळे तर काचेचे असतात. त्यामुळे ताज्या पक्ष्याच्या नोंदी नसतील, तर चित्रकाराला अंदाजच करावा लागतो. ऑड्युबन नुकताच मारलेला पक्षी चौकटी आखलेल्या फळीवर तारांनी ताणून बसवत. रंग ताजे मिळत, मात्र काही पक्षी अवघडलेले दिसतात.

म्हणून रंगांआधी बांधा नीट पाहावा लागतो. मोरघारीच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं असतात, मधुबाजाचे पाय खाली उघडे असतात आणि डोकं कबुतरासारखं लहान. उडताना पंखाच्या टोकाला बोटांसारखी सुटी दिसणारी पिसंही मोजावी लागतात. आपल्याकडच्या मधुबाजाला अशी सहा बोटं असतात, युरोपातल्या त्याच्या भावंडाला पाच. इथे कुंचल्याचा एक फटकारा कमी पडला, तर पक्षी युरोपातला होतो.