पसंतीक्रम भरण्यापूर्वी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात अध्ययनेच्छु शिष्याला सांगितलेला क्रम वैद्यवर्गास परिचित आहे. प्रथम शास्त्राची परीक्षा करावी, मग आचार्याची. आचार्याने शिष्याची परीक्षा करावी हे त्यानंतर येते. सांप्रत हा क्रम उलटला आहे. शिष्याची परीक्षा आधी होते, तीही दोन-तीन तासांत आणि बहुपर्यायी प्रश्नांनी. शास्त्राची व आचार्याची परीक्षा मात्र बहुधा कोणीच करीत नाही. निकाल हाती आला की घाईघाईने महाविद्यालयांची यादी भरली जाते आणि त्या यादीवर पुढील साडेपाच किंवा तीन वर्षे अवलंबून राहतात. आपल्यापैकी अनेकांची मुले, पुतणे, आंतरवासिता करणारे विद्यार्थी या टप्प्यावर सल्ला विचारतात. त्यांना काय सांगावे, याविषयी हे लेखन आहे.

आपल्या पिढीतील अनेकांना बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळाला. आता बी.ए.एम.एस.साठी ‘नीट’ अनिवार्य आहे. बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांत खुल्या प्रवर्गास ५० टक्के, तर राखीव प्रवर्गास ४० टक्के गुण लागतात. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतही उपलब्ध असते, ही ग्रामीण विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी गोष्ट आहे. केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेची जागा २०२१ मध्ये भारतीय चिकित्सापद्धती राष्ट्रीय आयोगाने घेतली. आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात प्रत्येकी दीड वर्षाचे तीन टप्पे व त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता आहे.

प्रवेशाची दोन दारे आहेत. शासकीय व अनुदानित महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय जागा, तसेच राष्ट्रीय संस्था व अभिमत विद्यापीठे यांचे प्रवेश केंद्रीय आयुष प्रवेश समितीमार्फत होतात. राज्याच्या जागा मुंबईच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत भरल्या जातात. दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी लागते. एकीकडे नाव नोंदवले म्हणजे दुसरीकडे आपोआप गेले, असा समज अजूनही आढळतो. गोव्यात धारगळ येथे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेची शाखा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. तळकोकणातील विद्यार्थ्यास ती घरापासून जवळ आहे, पण तिचे दार केंद्रीय समितीतूनच उघडते.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. जात वैधता प्रमाणपत्र आयत्या वेळी मिळत नाही. विद्यार्थी अकरावीत असतानाच जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज द्यावा. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत तपासावी. मिळालेली जागा समाधानकारक वाटल्यास ‘स्टेटस रिटेन्शन’चा अर्ज भरता येतो, मात्र तो भरल्यावर पुढील फेऱ्यांतून नाव वगळले जाते. हा अर्ज नेमका काय आहे हे न समजता सही करणारे पालक दरवर्षी भेटतात. प्रवेश सोडल्यास अनामत व पुढील पात्रता यांचे काय होते, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहावे. गेल्या वर्षीच्या ऐकीव नियमांवर विसंबू नये.

आता पदव्युत्तर प्रवेश. येथे अधिक विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण येथील चूक पुढे रुग्णापर्यंत पोहोचते.

एम.डी. व एम.एस. साठी ‘ए.आय.ए.पी.जी.ई.टी.’ ही परीक्षा २०१७ पासून आहे व २०१९ पासून ती राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते. १२० प्रश्न, ४८० गुण. बरोबर उत्तरास चार गुण व चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. आयुर्वेदाची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते, मराठीत नसते. अंधारात बाण मारणाऱ्यास वजा गुणांचा फटका बसतो, तर संहितेचे मूळ सूत्र व संज्ञा पक्क्या असणारा तरतो. आंतरवासिता माहितीपुस्तिकेतील तारखेपर्यंत पूर्ण होणे बंधनकारक असते. प्रवेश उशिरा झालेल्या तुकड्यांनी ही तारीख फार आधी पाहून ठेवावी.

गुणवत्ता क्रमांक हाती आल्यावर खरा प्रश्न उभा राहतो: विषय कोणता घ्यावा? कायचिकित्सा, पंचकर्म, स्त्रीरोग, शल्य यांकडे ओढा असतो आणि तो स्वाभाविक आहे. परंतु औषधनिर्माते बंधूंना येथे एक प्रश्न विचारावासा वाटतो. आपल्या चिरंजीवास अथवा कन्येस पुढे कारखाना सांभाळायचा असताना, केवळ ‘त्यात प्रॅक्टिस आहे’ म्हणून कायचिकित्सेचा आग्रह का? औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार निर्मितीवर पूर्णवेळ, पात्रताधारक तांत्रिक व्यक्तीची देखरेख लागते. २००० साली आलेल्या शेड्यूल ‘टी’ने उत्तम निर्मितीपद्धतीची बंधने घातली. भस्माची परीक्षा, स्नेहपाक, संधान, नोंदवह्या हे सर्व जाणणारा रसशास्त्र व भैषज्यकल्पनेचा पदव्युत्तर स्नातक घरातच असणे म्हणजे काय, हे तपासणीच्या दिवशी कळते. द्रव्यगुणाचेही तसेच. बाजारात अशोकाच्या नावाने आसुपालवाची साल येते. उत्तरेत जी रास्ना म्हणून चालते ती दक्षिणेत चालत नाही. गोणी उघडून हे ओळखणारा माणूस हवा की नको? हे विषय तुलनेने खालच्या क्रमांकावर मिळतात, यावरून त्यांचे मोल ठरवू नये.

शल्य व शालाक्य यांची गोष्ट निराळी. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेत या पदव्युत्तर अभ्यासक्रमांतील ५८ शस्त्रकर्मे, म्हणजे शल्याची ३९ व शालाक्याची १९, नावानिशी नमूद झाली. त्यावर आधुनिक वैद्यकाच्या संघटनांनी आंदोलन केले, हे सर्वांना स्मरत असेल. त्या वादात आपली बाजू कागदाने नव्हे, हाताने सिद्ध होणार आहे. सुश्रुताचार्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात कोहळा, भोपळा अशा फळांवर छेदनकर्माचा अभ्यास करावयास सांगितले, ते शास्त्र मुखोद्गत असणाऱ्यालाही कर्माभ्यासावाचून कर्म येत नाही म्हणूनच.

यासाठीच महाविद्यालयापेक्षा त्याचे रुग्णालय आधी पाहावे. २०१६ च्या निकषांत ६० प्रवेशक्षमतेच्या महाविद्यालयास ६० खाटा व बाह्यरुग्ण विभागात दररोज सरासरी १२० रुग्ण अपेक्षित होते. नोंदवहीतील आकडे कोठेही जुळलेले दिसतात. म्हणून सूचना न देता, साध्या वारी, सकाळी अकराच्या सुमारास जाऊन बसावे. केसपेपरच्या खिडकीपुढे किती माणसे आहेत? पंचकर्म विभागात तेल तापते आहे की द्रोणीवर धूळ आहे? शल्य विभागात आठवड्यात क्षारसूत्राचे रुग्ण किती, आणि कर्म अध्यापक करतात की विद्यार्थ्याच्या हाती देतात? मार्गदर्शक अध्यापक किती वर्षे तेथे आहेत, विद्यावेतन प्रत्यक्ष मिळते काय, हे तेथील द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांस विचारावे; कार्यालयात विचारून उपयोग नाही. त्या वर्षासाठी आयोगाची परवानगी व शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेले शुल्क ही दोन कागदपत्रे मात्र कार्यालयातून अथवा संकेतस्थळावरून पाहावीत. संस्थास्तरीय जागेचे शुल्क बरेच अधिक असते. तीन वर्षांचा एकत्रित आकडा मांडूनच निर्णय घ्यावा.

आणखी एक विषय, जो आपण उघडपणे बोलत नाही. ‘हजेरीची काही सोय होते का?’ हा प्रश्न विद्यार्थ्याहून अधिक वेळा त्याचे वैद्य वडीलच विचारतात. मुलगा घरचे चिकित्सालय सांभाळील, तिकडे नाव लागेल, तीन वर्षांनी पाटीवर पदवी चढेल, असा हिशेब असतो. हा हिशेब करणाऱ्यांत सज्जन, रुग्णप्रिय वैद्य आहेत, म्हणूनच स्पष्ट लिहितो. अशा पदवीधराकडे अर्शाचा रुग्ण विश्वासाने येईल, तेव्हा त्याच्या हातून कर्म कोण करवून घेणार? शिवाय असे प्रवेश चालतात म्हणूनच रिकाम्या रुग्णालयांची महाविद्यालये चालतात आणि प्रामाणिक विद्यार्थ्यास तेथे रुग्ण मिळत नाहीत. ज्या घरास मुलाच्या तीन वर्षांची अनुपस्थिती खरोखर परवडत नाही, त्या घराने पदव्युत्तर प्रवेश एक-दोन वर्षे पुढे ढकलावा. परीक्षा दरवर्षी होते.

अशांसाठी दुसराही मार्ग आहे. दिल्लीचे राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठ गुरुशिष्य परंपरेने एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवते. स्नातकास नामांकित गुरूंच्या चिकित्सालयात बसून शिकता येते व विद्यावेतनही मिळते. ही पदव्युत्तर पदवी नव्हे व तिच्या आधारे अध्यापकपद मिळत नाही, हे मात्र विद्यार्थ्यास आरंभीच सांगावे.